हायड्रोसीलचं ऑपरेशन: पिशवी उघडल्यावर काय ठरतं

प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत कागल भागातले एक ऊस बागायतदार माझ्याकडे आले. उजव्या वृषणाभोवतीच्या पिशवीत पाणी साठून नारळाएवढी सूज आलेली, पण दुखत काहीच नव्हतं. म्हणाले, “डॉक्टर, आत्ता पाणी तेवढं काढून द्या. गळीत हंगाम संपला की ऑपरेशनचं बघू.” असं म्हणायचं त्यांचं ते पाचवं वर्ष होतं. चार हंगाम सुई घालून पाणी काढून झालं होतं आणि चारही वेळा काही महिन्यांत ते पुन्हा भरलं होतं. शेवटी मुलानं ऐकलं नाही आणि त्यांना टेबलावर घेतलं. एरवी आत करडईच्या तेलाच्या रंगाचं स्वच्छ पाणी असतं. यांचं काकवीसारखं तपकिरी निघालं, आणि पिशवीची भिंत पायताणाच्या चामड्यासारखी जाड झालेली. पहिल्याच वर्षी अर्ध्यापाऊण तासात, फारसं रक्त न जाता उरकलं असतं, त्या कामाला दुपटीहून जास्त वेळ लागला आणि साठणारं रक्त बाहेर यायला नळीही ठेवावी लागली.

तेव्हापासून प्रत्येक रुग्णाला मी हे आधी सांगतो. हायड्रोसीलच्या ऑपरेशनच्या चार-पाच पद्धती आहेत. त्यातली कुठली वापरायची, हे पिशवीची भिंत ठरवते. आणि पद्धत कुठलीही असो, ऑपरेशन चांगलं झालं की नाही हे सर्जननं रक्तस्राव किती चिकाटीनं थांबवला यावर ठरतं. पुढचं सगळं याच दोन गोष्टींभोवती फिरणारं आहे.

पाणी नेमकं कुठे साठतं

वृषणाभोवती एक पातळ दुपदरी पिशवी असते, तिला ट्युनिका म्हणतात. आतला पदर वृषणाला चिकटलेला, बाहेरचा सुटा. दोन्हींच्या मध्ये थोडासा ओलावा असतो, म्हणून वृषण सहज सरकतं. हा ओलावा पाझरतो तेवढाच शोषलाही जातो. पाझरणं वाढलं किंवा शोषणं कमी झालं की पाणी साठू लागतं, आणि हेच हायड्रोसील. लोक त्याला अंडवृद्धी म्हणतात, आमच्याकडे सरळ “गोटीत पाणी झालंय” असं सांगतात. वृषण स्वतः वाढलेलं नसतं, ते त्या पाण्याच्या मागच्या बाजूला बसलेलं असतं.

मोठ्या माणसांत बहुतेक वेळा कारण सापडत नाही. कधी मार लागलेला असतो, कधी जंतुसंसर्ग होऊन गेलेला असतो. व्हेरिकोसील (वृषणाच्या फुगलेल्या शिरा) किंवा हर्नियाच्या ऑपरेशननंतरही पाणी होऊ शकतं. आणि क्वचित, पण विसरून चालणार नाही असं कारण म्हणजे वृषणातली गाठ.

ऑपरेशनआधी खात्री

अंधाऱ्या खोलीत सुजेच्या एका बाजूला टॉर्च लावला तर स्वच्छ पाण्याचं हायड्रोसील कंदिलासारखं लालसर उजळतं. भिंत जाड असेल किंवा आत रक्त मिसळलेलं असेल तर उजळत नाही. तान्ह्या बाळात हर्नियातलं आतडंसुद्धा उजळू शकतं, त्यामुळे घरी मोबाईलचा टॉर्च लावून कुणी निदान ठरवू नये.

सर्जन आणखी एक गोष्ट बघतो. सुजेच्या वरच्या टोकाला अंगठा आणि बोटाच्या चिमटीत कॉर्ड, म्हणजे वृषणाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि शुक्रवाहिनीची दोरी, मोकळी सापडते का? सापडली तर सूज अंडकोशातलीच आहे. चिमूट बसत नसेल, खोकल्यावर धक्का जाणवत असेल, आडवं झाल्यावर सूज आत जात असेल, तर तो हर्निया समजायचा. दोन्ही एकत्र असू शकतात, आणि तसं असेल तर ऑपरेशनचा सगळा बेतच बदलतो.

सोनोग्राफी मी कुणालाच चुकवू देत नाही. विशीतिशीतल्या तरुणाला अचानक थोडं पाणी झालं असेल तर मुळीच नाही. पाण्यामुळे वृषण हाताला नीट लागत नाही, आणि मागे गाठ दडलेली असू शकते. तशी शंका आली तर रक्तात एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच तपासतात, वृषणाच्या कॅन्सरमध्ये ही वाढू शकतात. मग छेद अंडकोशावर घेत नाहीत, जांघेतून घेतात, आणि सुई तर अजिबात घालत नाहीत. तालमीतल्या पोरांना विशेष सांगणं आहे. कुस्तीत लागलं, सूज आली, ती “उतरेल की” म्हणून महिने काढू नका. आणि एकदम जोराची कळ येऊन वृषण वर ओढलं गेलं असेल तर त्याला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा हातात साधारण सहा तास असतात. रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा.

सुईनं पाणी का काढू नये

सुई घालून पाणी काढणं ही कल्पना नवी नाही. सुश्रुतसंहितेत मूत्रवृद्धीसाठी, म्हणजे याच आजारासाठी, अंडकोशाच्या मधल्या शिवणीच्या बाजूला, खालच्या अंगाला व्रीहिमुख नावाच्या टोकदार शस्त्रानं वेध करून, नळी घालून पाणी काढायला आणि नंतर बांधायला सांगितलं आहे. त्या काळी आजच्यासारखी भूल नव्हती, जंतुनाशक नव्हतं, आणि तरीही शिवण टाळून खालून वेध घ्यायचा हा विचार अचूक होता. पण पाणी तयार करणारी पिशवी आत तशीच राहते, म्हणून ते परत भरतं. दर खेपेला आत थोडं रक्त सांडण्याची, जंतू जाण्याची शक्यता असते, आणि भिंत जाड होत जाते.

सुईनंतर आत औषध सोडून पिशवीचे पदर चिकटवण्याची पद्धतही आहे. त्यासाठी डॉक्सिसायक्लिन किंवा पॉलिडोकॅनॉल वापरतात. हृदयाचा गंभीर आजार आहे, वय झालंय, भूल झेपणार नाही, अशा माणसासाठी तो चांगला पर्याय आहे. दुखतं, आणि कधी दोनतीनदा करावं लागतं. ज्याला अजून मूल हवं आहे त्याला मी ते सुचवत नाही. पिशवी पोटाशी जोडलेली असेल तर करायचंच नाही.

आणि काहीच न करणं हाही पर्याय आहे. सूज लहान आहे, त्रास नाही, सोनोग्राफी स्वच्छ आहे, तर निवांत राहा. जड वाटू लागलं, चालताना किंवा गाडीवर बसताना अडू लागलं, लघवीला त्रास होऊ लागला किंवा चारचौघांत वावरायची लाज वाटू लागली, की ऑपरेशन. लाज हेसुद्धा पुरेसं कारण आहे. ढगळ लेंगा घालून वर्षानुवर्षं ही सूज लपवणारी माणसं मी पाहिली आहेत.

लहान मुलांचं ऑपरेशन वेगळं असतं

बाळाच्या हायड्रोसीलमध्ये दोष पिशवीचा नसतो. वृषण पोटातून खाली उतरताना सोबत आलेली वाट बंद व्हायची राहिलेली असते आणि पोटातलं पाणी तिथून खाली येतं. म्हणून सकाळी सूज कमी आणि खेळून दमल्यावर संध्याकाळी जास्त दिसते. ही वाट बऱ्याच मुलांत पहिल्या एकदोन वर्षांत आपोआप बंद होते, तोवर थांबायचं. सोबत हर्निया असेल तर मात्र थांबायचं नाही.

ऑपरेशन जांघेतल्या घडीत लहानसा छेद घेऊन होतं. शुक्रवाहिनी आणि रक्तवाहिन्या अलगद बाजूला करून ती पातळ वाट सोडवतात आणि जितकी वर जाता येईल तितकी वर बांधतात. खालचं तोंड उघडं सोडतात. मुलाच्या अंडकोशावर छेद घेऊन पिशवी कापणं ही चूक आहे, कारण वरची वाट तशीच राहते आणि पाणी परत येतं. आजी तिथे एरंडेल चोळत असेल तर तिला प्रेमानं थांबवा. त्यानं वाट बंद होत नाही.

टेबलावर जाण्याआधी

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, मग ती ॲस्पिरिन असो, क्लोपिडोग्रेल असो वा वॉरफरिन, तर पहिल्याच भेटीत सांगा. ती कधी थांबवायची हे सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील. स्वतःच्या मनानं बंद करू नका आणि लपवूनही ठेवू नका. अंडकोशाची कातडी सैल असते, आत रक्त साठायला भरपूर जागा असते, आणि साठेपर्यंत बाहेर काही दिसत नाही. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणूनच तारीख घ्या. जांघेत गजकर्ण किंवा फोड असतील तर आधी ते बरे करा. उन्हाळ्यात शेतात राबणाऱ्या बऱ्याच लोकांना ते असतात, आणि जखम पिकण्याचं ते मोठं कारण आहे. केस घरी ब्लेडनं काढू नका. बारीक कापे पडतात आणि त्यातून जंतू शिरतात. दवाखान्यात मशिननं काढतील. आदल्या रात्री हलकं जेवा, ऑपरेशनच्या सहा तास आधी खाणं बंद करा.

खर्चाची चिंता असेल तर कोल्हापुरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाची सर्जरी ओपीडी आहे. इचलकरंजीकडच्यांना इंदिरा गांधी रुग्णालय आणि गडहिंग्लज भागातल्यांना उपजिल्हा रुग्णालय जवळ पडतं. सरकारी योजनेत काय बसतं, हे तिथल्या आरोग्यमित्राला आधार आणि रेशन कार्ड दाखवून विचारा.

प्रत्यक्ष ऑपरेशन

भूल बहुधा मणक्यातून देतात, कमरेखालचा भाग बधिर होतो. पिशवी मध्यम असेल तर जांघेतल्या हाडाच्या उंचवट्याजवळ कॉर्डभोवती आणि छेदाच्या रेषेत बधिर करणारं औषध देऊनही काम होतं. दमेकरी किंवा वयस्क माणसाला हे सोयीचं जातं.

मदतनीस अंडकोश मुठीत असा धरतो की सूज पुढे ताणली जाते आणि कातडी तंग होते. हे धरणं किरकोळ वाटतं, पण त्यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. तंग कातडीवर रक्तवाहिन्या निळसर दिसतात, आणि दोन वाहिन्यांच्या मधून आडवा, चार ते सहा सेंटिमीटरचा छेद घेता येतो. दोन्ही बाजूंना पाणी असेल तर मधल्या शिवणीवरून एकाच छेदात दोन्हीकडे जाता येतं. कातडीखाली डार्टोस हा पातळ स्नायूचा थर आणि मग कांद्याच्या पापुद्र्यांसारखे पातळ पदर लागतात. ते ओलांडले की निळसर, चकचकीत पिशवी दिसते.

इथे सर्जन बोटानं भिंत चाचपतो आणि पुढचा रस्ता ठरतो.

भिंत पातळ असेल तर लॉर्डची पद्धत. पीटर लॉर्ड या ब्रिटिश सर्जननं १९६४ साली ती मांडली आणि तिला रक्तहीन ऑपरेशन म्हटलं, ते बरंचसं खरं आहे. पिशवी आजूबाजूच्या पदरांपासून सोडवायचीच नाही, कारण रक्त वाहतं ते त्या सोडवण्यात. छेदातूनच थेट पिशवी उघडायची आणि सक्शननं पाणी काढून घ्यायचं. मग वृषण बाहेर घेऊन ते आणि मागचं एपिडिडायमिस (शुक्राणू साठवणारी गुंडाळलेली नळी) नीट तपासायचं. कापलेल्या कडा चिमट्यांनी धरून ठेवल्या की कडेचं रक्तही थांबतं. आता विरघळणाऱ्या धाग्यानं चुण्या घालायच्या. पिशवीच्या कडेपासून सुरुवात करून वृषणाजवळ ती संपते तिथपर्यंत, थोड्या थोड्या अंतरावर पदर उचलत धागा ओवायचा. असे आठ ते बारा टाके वृषणाभोवती गोलाकार घ्यायचे आणि मग एकेक ओढून बांधायचे. परकराच्या नाडीला चुण्या पडाव्यात तशी सगळी पिशवी गोळा होऊन वृषणाभोवती झालरीसारखी बसते. पाणी साठायला पोकळीच उरत नाही, आणि जे थोडं पाझरतं ते बाहेरचे पदर शोषून घेतात. पातळ पिशवीसाठी मला याहून चांगली पद्धत माहीत नाही.

भिंत मध्यम जाड किंवा पिशवी मोठी असेल तर चुण्यांचा नुसता गोळा होतो आणि तो महिनोन् महिने हाताला लागत राहतो. तिथे जाबुलेची पद्धत घ्यावी. फ्रान्समधल्या लियाँ शहराचे हे सर्जन. यात पिशवी आधी बाहेरच्या पदरांपासून पूर्ण सोडवतात. गॉज गुंडाळलेल्या बोटानं हे पदर हळूहळू मागे ढकलले की सुटतात. प्रत्येक बारीक रक्तवाहिनी तिथल्या तिथे डायथर्मीनं, म्हणजे विजेच्या उष्णतेनं, बंद करायची, “नंतर बघू” म्हणायचं नाही. मग पिशवी पुढून उघडायची, जादाची भिंत कापून एकदोन सेंटिमीटरची किनार ठेवायची, ती उशीच्या अभ्र्यासारखी उलटी करून वृषणाच्या मागे न्यायची आणि दोन कडा एकमेकींना सलग टाक्यानं शिवायच्या. पाझरणारा पृष्ठभाग आता बाहेर आला. फार मोठी नसलेली पिशवी न कापता नुसती उलटवली तरी भागतं.

यात दोन ठिकाणी जपावं लागतं. मागचे टाके कॉर्डभोवती आवळले तर वृषणाचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. शिवून झाल्यावर तिथून बोटाचं टोक सहज जायला हवं. दुसरं म्हणजे मोठ्या, जुन्या पिशवीत एपिडिडायमिस आणि शुक्रवाहिनी ताणून पसरलेली असतात, भिंतीचाच भाग वाटतात. किनार ठेवताना ती ओळखली नाहीत तर कात्रीखाली जातात. दोन्ही बाजूंचं ऑपरेशन असेल आणि माणसाला मूल हवं असेल, तर या एका चुकीची किंमत फार मोठी आहे.

आणि भिंत चामड्यासारखी असेल, त्या बागायतदारांची होती तशी, तर उलटवून उपयोग नाही, ती वळतच नाही. तिथे पिशवी पूर्ण काढायची. वृषण आणि एपिडिडायमिसपासून साधारण एक सेंटिमीटर किनार ठेवून सगळी भिंत कापायची. ही कापलेली कड भळाभळा वाहते. म्हणून ती गुंतवून गुंतवून, प्रत्येक टाका अडकवत सलग शिवायची, कापडाची कड उसवू नये म्हणून शिवतात तशी. जाड भिंतीचा तुकडा तपासणीला पाठवावा.

हत्तीरोगाचं हायड्रोसील असेल तर पिशवी पूर्ण काढणंच योग्य. कोल्हापुरात हा आजार विदर्भासारखा घरचा नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या भागांत तो जुना आहे. पण इचलकरंजीच्या मागांवर आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाचे कामगार आहेत. अशा रुग्णाला गाव कुठलं, पायाला सूज येते का, थंडीताप येऊन जांघेत अवधाण (गाठ) येतं का, हे विचारायलाच हवं. पाणी दुधासारखं निघालं तर शंका पक्की होते. याचे जंतू रक्तात रात्री येतात, म्हणून रक्ताचा नमुना रात्री दहानंतर घेतात. डीईसी या हत्तीरोगावरच्या औषधाच्या गोळ्यांनी जंतूंवर परिणाम होतो, पण साठलेलं मोठं पाणी त्यानं जात नाही, त्याला ऑपरेशनच लागतं. हत्तीरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या ऑपरेशनची सोय आहे.

आता शेवटचा टप्पा, ज्यात घाई करणाऱ्या सर्जनचा मला राग येतो. वृषण आत ठेवण्याआधी पाच मिनिटं थांबायचं. कोमट सलाईननं धुवायचं, ओला गॉज दाबून ठेवायचा, काढून पुन्हा बघायचं. कोरडं दिसल्यावर कॉर्डला पीळ नाही ना हे पाहून वृषण जागेवर बसवायचं. पदर खूप सोडवावे लागले असतील तर खालच्या बाजूला वेगळं छिद्र पाडून नळी ठेवतात, बहुधा एकदोन दिवसांत काढतात. नळीनं रक्तस्राव थांबत नाही, साठलेलं फक्त बाहेर येतं. डार्टोसचा थर सलग शिवतात, कारण कातडीखालचं बरंचसं रक्त याच टाक्यानं थांबतं. वर कातडीला विरघळणारे टाके.

घरी आल्यावर

कोल्हापूरकरांना एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही, ती म्हणजे लंगोट. मेडिकलमध्ये अंडकोशाला आधार देणारा पट्टा मिळतो, पण स्वच्छ सुती लंगोट तेच काम उत्तम करतो. पहिल्या दिवसापासून दोनतीन आठवडे, झोपतानासुद्धा. पैलवान आवळतात तसा आवळू नका, लोंबकळ थांबेल इतकाच. रोज धुतलेला, उन्हात वाळवलेला वापरा. पहिले दोन दिवस आडवं पडल्यावर मांड्यांच्या मध्ये टॉवेलची घडी ठेवून अंडकोश वर उचलून धरा, आणि कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून चारपाच वेळा लावा.

सूज लगेच उतरत नाही, आणि सगळ्यात जास्त फोन याच प्रश्नाचे येतात. “डॉक्टर, पाणी काढलं म्हणालात, मग आहे तेवढंच कसं दिसतंय?” पहिल्या आठवड्यात ते तसंच दिसतं. मग घट्ट होतं, आणि पूर्ण मऊ व्हायला सहा आठवडे ते तीन महिने लागू शकतात. चुण्यांची झालर काही काळ हाताला लागते, ते पाणी नव्हे.

आंघोळ कधी करायची हे सर्जन सांगेल, बहुधा दोन दिवसांनी चालते. जखम चोळायची नाही, टिपून कोरडी करायची. दुकानात, ऑफिसात बसायचं काम आठवड्याभरात. मोटरसायकल दोनतीन आठवड्यांनी. उसाची मोळी उचलणं, वैरणीचा भारा, जोर-बैठका, तालीम आणि शरीरसंबंध चार आठवड्यांनंतर. तांबडा-पांढरा रस्सा खायला माझी हरकत नाही, पण बद्धकोष्ठ होऊन जोर करावा लागणार नाही एवढं पाणी आणि भाजी पोटात जाऊ द्या. तंबाखू बंद, जखम भरायला ती आडवी येते.

काही खुणा दिसल्या तर उद्याची वाट बघू नका. पहिल्या दोन दिवसांत अंडकोश भराभर फुगून काळानिळा आणि दगडासारखा होणं, पट्टी रक्तानं पुन्हा पुन्हा भिजणं, थंडी वाजून ताप येणं, जखमेतून पू किंवा घाण वास, गोळ्या घेऊनही वाढतच जाणारी कळ, लघवी अडणं. रक्ताची गाठ मोठी असेल तर पुन्हा टेबलावर घेऊन ती काढावी लागते. ते लवकर केलं तर वृषण वाचतं.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड वाचून घ्या. नुसतं “हायड्रोसील ऑपरेशन” एवढंच लिहिलेलं असेल तर सर्जनला नम्रपणे सांगून तीन गोष्टी लिहून घ्या: कुठली पद्धत वापरली, पिशवी आणि पाणी कसं होतं, वृषण आणि एपिडिडायमिस कसं दिसलं. तुकडा तपासणीला पाठवला असेल तर त्याचा रिपोर्ट आणायची तारीख त्याच कार्डावर टाकून घ्या. त्या बागायतदारांच्या दुसऱ्या बाजूला पुढे पाणी झालं तेव्हा ते दुसऱ्या गावातल्या सर्जनकडे गेले होते. जुनं कार्ड सोबत होतं, आणि यावेळी हंगामाची वाट बघितली नव्हती. भिंत पातळ निघाली आणि चुण्यांवर काम झालं.